आधी भिंत सुकू द्या

घर आपलं, हात आपले : वाचकांचे प्रश्न, बडोद्याहून उत्तरं

गणपती बोळवले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये गळक्या गच्च्या असतात, ऑगस्टमध्ये फुगलेली दारं, आणि आता सगळ्यांना एकच घाई : दिवाळीच्या आत रंग झाला पाहिजे. घाई मला समजते. नवरात्र बसलं की बडोद्यात रंगारी मिळणं कठीण, सगळं शहर रात्री गरब्याच्या मैदानावर असतं. या वेळच्या सतरा पत्रांपैकी अकरा रंगाची आहेत. ती मी दोनदा वाचली, आणि माझ्या मते त्यातल्या सात घरांना रंग नकोच आहे. म्हणून पहिल्या पत्राचं उत्तर लांबलचक देते. बाकीच्या सहा घरांनी ते आपल्यासाठीच आहे असं समजावं.

प्रश्न : आमचं घर विश्वामित्री नदीपासून जवळ, 1962 चं, विटांचं, भिंती नऊ इंची. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात तळमजल्यावर चार फूट पाणी तीन दिवस उभं होतं. त्याच दिवाळीला पुट्टी मारून प्लास्टिक पेंट दिला. होळीपर्यंत पोपडे आले. गेल्या वर्षी सगळं खरवडून आतून वॉटरप्रूफ कोटिंग लावलं आणि पुन्हा रंग दिला. आता कमरेच्याही वर फुगे आलेत, फोडले की आत पांढरी भुकटी. तिसऱ्यांदा खर्च करायचा तर नेमकं काय लावावं? (एक निवृत्त वाचक, बडोदा)

उत्तर : यंदा काहीही लावू नका.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मला माहीत आहे. दोन दिवाळ्या पैसे गेले आणि तिसरी आता विटक्या भिंतींत काढायची. पण हीच चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ठामपणे सांगते. 31 जुलै 2019 ला आपल्याकडे चोवीस तासांत जवळपास 20 इंच पाऊस पडला, तेव्हा आमच्या खालच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. पाणी ओसरलं, मी फरशी घासली, पंखे लावले, आणि सहा आठवड्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी लागली. घरात कार्य होतं, म्हणून रंग देऊन टाकला. संक्रांतीला त्या भिंतीवर हात ठेवला तर रंगाचा पापुद्रा तळहाताएवढा सुटून आला. माझे वडील कलाभवनात सुतारकाम शिकलेले. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेल्या त्या शाळेत शिकलेला माणूस भिंतीला नुसता हात लावून कधी निकाल देत नसे, आणि त्यांची मुलगी असून मी तेवढंच केलं होतं.

हाताला लागतो तो फक्त वरचा गिलावा. वीट आतून पाणी धरून असते. जुन्या कडियांचा, म्हणजे गवंड्यांचा, हिशोब होता, भिंतीच्या जाडीच्या इंचाला एक महिना. म्हणजे तुमच्या नऊ इंची भिंतीला नऊ महिने, तेही दोन्ही बाजू उघड्या असतील आणि हवा कोरडी असेल तर. तुम्ही पुरानंतर दोन महिन्यांतच त्या भिंतीचं तोंड बंद केलं, आणि मग कोटिंग लावून आणखी घट्ट बंद केलं. प्लास्टिक पेंट आणि कोटिंग पाणी आत येऊ देत नाहीत हे खरं, पण तुमच्या भिंतीत पाणी आधीच होतं. त्याला बाहेर पडायला जागा राहिली नाही, म्हणून ते वर चढलं. गेल्या वर्षीच्या रेषेपेक्षा यंदाची रेषा उंच आहे ती यामुळे.

आता ती पांढरी भुकटी. आपण म्हणतो लोणा लागला, इथले कडिया म्हणतात ‘लूणो’. विटेत, सिमेंटमध्ये, जमिनीत आणि पुराच्या पाण्यात क्षार असतात. पाणी भिंतीच्या पृष्ठभागाकडे येतं, उडून जातं, आणि क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक वाढताना जागा मागतो. रंगाच्या मागे जागा नसते, तेव्हा तो रंगाला ढकलतो. तुमचे फुगे हे त्या ढकलण्याचे आहेत, रंग हलका होता म्हणून नव्हे. महागातला रंग लावला असता तरी तेच झालं असतं.

तर क्रम असा धरा.

पहिलं, पाणी अजून येतंय का ते पाहा. पूर तर केव्हाच ओसरला. दोन वर्षांनीही ओल वर चढत असेल तर कदाचित दुसरीकडूनही पाणी मिळत असेल. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी खूण करून ठेवा, सकाळी खाली गेली असेल तर पाइप कुठेतरी गळतोय. मग घराबाहेर जा आणि जोतं बघा. हे कुणीच बघत नाही! 1962 च्या घराचं जोतं अंगणापासून दीड-दोन फूट उंच असणार. तेव्हापासून रस्ता किती वेळा वर आला, अंगणात किती वेळा मुरूम आणि पेव्हर ब्लॉक पडले ते आठवा. पुष्कळ घरांत आता अंगण आणि आतली फरशी एका पातळीला आलेली असते, आणि पावसाचं पाणी थेट भिंतीला टेकून उभं राहतं. तसं असेल तर भिंतीलगतचे ब्लॉक फूट-दीड फूट रुंदीचे काढा, माती जोत्याच्या खाली उतरवा, आणि उतार घराकडून फाटकाकडे द्या. हा खर्च रंगापेक्षा कमी आहे आणि उपयोग कितीतरी जास्त.

दुसरं, ओल भिंतीतून येते की खोलीतल्या हवेतून, हे ओळखायची सोपी रीत. प्लास्टिकचा जाडसर, पारदर्शक, फूटभर चौकोनी तुकडा घ्या. रंग खरवडलेल्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब असतील तर ओल भिंतीची. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीत हवा खेळत नाही. हे पावसाळ्यात करू नका, दसऱ्यानंतर करा.

तिसरं, भिंत उघडी करा. फुगे आलेत त्याच्या वर आणखी फूटभर एक आडवी रेषा आखा आणि तिच्या खालचा रंग, पुट्टी, कोटिंग सगळं काढा. गिलावा टिचकी मारल्यावर पोकळ वाजत असेल तर तोही विटेपर्यंत काढा. छिन्नी-हातोडीने, रोज थोडं थोडं, घरच्या घरी होतं. नाकाला मास्क हवाच, ती धूळ फार वाईट. खरवडलेला कचरा लगेच उचला, कारण क्षार त्यातच आहेत. फरशीवर पडून राहिला आणि पोछा मारला की पुन्हा भिंतीच्या पायात जातात. विटांवरची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका. पाण्यात क्षार विरघळतात आणि पुन्हा आत शिरतात. आठ-पंधरा दिवसांनी नवी भुकटी दिसेल, पुन्हा झाडा. ती दिसली की मला बरं वाटतं. भिंत क्षार बाहेर टाकते आहे.

आणि मग थांबा. आपल्याकडे दसऱ्यानंतर हवा कोरडी होते आणि मे अखेरपर्यंत कोरडी राहते, असे सात महिने सलग मिळतात. कपाटं आणि सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दुपारी खिडक्या उघड्या ठेवा. आणि ओलीच्या वरच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला. दर महिन्याच्या एक तारखेला नवी रेघ. वडील हे करायचे. आमच्या जुन्या घराच्या मोरीमागे अशा रेघांची एक शिडीच होती, शेजारी तारखा मोडी लिपीत. रेघ खाली उतरत असेल तर तुमचं काम चाललंय. उतरत नसेल तर पाणी कुठून तरी येतंय, पुन्हा पहिल्या मुद्द्यावर जा.

रेघ फरशीला टेकली की गिलावा चुन्याचा करा : एक भाग विझवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू आणि सुरखी (विटांची पूड) मिळून. एका थरात अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. यासाठी चुन्याचं काम येणारा कडिया शोधा, जुन्या शहरात अजून आहेत. वरचा रंग मात्र तुम्ही स्वतः द्या, आणि तो चुन्याचाच. चुन्यातून वाफ आरपार जाते. 1 किलो चुनकळीला, म्हणजे न विझवलेल्या चुन्याला, 5 लिटर पाणी. 24 तास मुरू द्या, जाड्याभरड्या कापडातून गाळा. गाळलेल्या 10 लिटर चुन्याला 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. किलोभर चुन्याला 3 ग्रॅमपर्यंत नीळ घातली तर पिवळसरपणा जातो. दुधाइतका पातळ ठेवा. भिंतीवर आधी पाण्याचा हलका हबका मारा आणि तीन हात द्या, एक आडवा, एक उभा, पुन्हा एक आडवा, मध्ये एकेक दिवस सोडून. लावताना भिंत दिसेनाशी होत नाही म्हणून घट्ट करू नका. ओला चुना पारदर्शक दिसतो, दुसऱ्या दिवशी पांढरा उघडतो.

चुनकळी विझताना पाणी उकळतं. प्लास्टिकची बादली वापरू नका, लोखंडी घमेलं किंवा पिंप घ्या. पाण्यात चुनकळी थोडी थोडी टाका, चुनकळीवर पाणी ओतू नका. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, मुलं घरात. डोळ्यात उडालाच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा धरा आणि तडक डॉक्टरांकडे जा. मनात धाकधूक असेल तर विझवलेल्या चुन्याची पूड गोणीत मिळते, ती आणा. काहीच कमी होत नाही.

एक राहिलं. ज्या सॉकेट-बोर्डांत पुराचं पाणी गेलं होतं ते बदललेत का, पत्रात लिहिलेलं नाही. नसतील तर भिंतीला हात लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या. ओल्या भिंतीवर छिन्नी चालवताना मेन बंद.

प्रश्न : ताई, आमचा वाडा रावपुऱ्याकडचा, चार पिढ्यांचा. माजघराच्या भिंतीवरचे चुन्याचे थर खरवडत होतो. सहा-सात थरांखाली लाल आणि निळा रंग दिसला. नीट पाहिलं तर घोड्याचा पाय, आणि बाजूला पागोटं घातलेलं कुणीतरी. बाकीचा चुना काढायला कोणतं केमिकल वापरू? मामंजी म्हणतात दिवाळीच्या आत रंग मारून टाका. (सुनबाई, जुनं बडोदं)

उत्तर : पत्र वाचून मी खुर्चीतून उठले. हात थांबवा, आजच. खरवडणी कपाटात ठेवा.

तुमच्या घरापासून तांबेकर वाडा फार लांब नाही. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा वाडा, भिंती, खिडक्यांच्या मधल्या जागा, सगळं एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरलेलं. आज ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. मामंजींना घेऊन एक दिवस तिथे जा. त्या काळी या भागातल्या मराठी सरदार-कारकुनांच्या घरांत भिंती रंगवून घ्यायची रीत होती. नंतर कुणीतरी, कदाचित एखाद्या लग्नाच्या घाईत, वर चुना मारला. त्या चुन्यानेच चित्र इतकी वर्षं जपलं आहे.

केमिकल कोणतंही नको. लिंबू, व्हिनेगर, ॲसिड ही सगळी चुना खातात, आणि चित्राखालचा थरही चुन्याचाच असतो. पाण्याचा फडका नको, अशा चित्रांतले काही रंग पाण्याने सरळ निघून येतात. सँडपेपर नको. आणि ‘चकाकी येईल’ म्हणून कुणी वर वार्निश मारायला सांगेल, त्याला घरातच घेऊ नका.

तुम्ही करायचं ते एवढंच. उघड्या झालेल्या भागाचे फोटो काढा, शेजारी फूटपट्टी धरून. खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका आणि पुन्हा फोटो काढा. कुठे थर सुटलाय, कुठे भिंत पोकळ आहे ते सावल्यांत दिसतं. खाली पडलेल्या पापुद्र्यांवर रंग असेल तर ते कागदी पाकिटात ठेवा, भिंतीवर कुठून पडले ते पाकिटावर लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम धरते. त्या भिंतीच्या वर न्हाणीघर किंवा गळकं छप्पर असेल तर तिथली गळती आधी बंद करा. खिळा ठोकू नका. त्या भिंतीखाली समई-उदबत्ती लावत असाल तर देव्हारा दुसऱ्या भिंतीला न्या. हे शेवटचं सासूबाईंशी बोलून, समजावून.

मग महाराजा सयाजीराव विद्यापीठात जा. तिथे संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं, ललितकला शाखा आहे, भित्तिचित्र हाताळलेली माणसं तिथून कळतील. फोटो सोबत न्या. चुना काढायचा झाला तरी ते काम त्यांचं, भिंगाखाली बोटबोटभर करायचं. आणि काढायचाच असं नाही. आत चित्र आहे एवढं ठाऊक असणं आणि त्याला न दुखावणं, हेही एका घराला पुरेसं आहे.

दिवाळीचं म्हणाल तर बाजूच्या दोन भिंतींना आडवी काठी बसवून त्या भिंतीपुढे एक जुनं सुती लुगडं सोडा, भिंतीपासून वीतभर अंतरावर, म्हणजे हवा खेळेल. काठावर चांगली जर असली तर पाहुणे त्याचंच कौतुक करतील. बाकी तीन भिंतींना खुशाल चुना द्या.

प्रश्न : आजीचा संखेड्याचा झोपाळा कारेलीबागेतल्या घरातून भायलीच्या नव्या फ्लॅटमध्ये आणला आहे, सातव्या मजल्यावर. हॉलमध्ये पंख्याचे दोन हूक आहेत, त्यांवर टांगला तर चालेल का? शिवाय दांड्यांवर पांढुरके डाग पडलेत, आणि करोनात आम्ही सॅनिटायझरने पुसत होतो तिथे चिकट झालंय.

उत्तर : पंख्याच्या हुकावर अजिबात नाही. तो हूक पंख्याच्या सरळ खाली लोंबणाऱ्या वजनासाठी असतो. झोपाळ्यावर चार माणसं बसली की तीनशे किलोच्या आसपास भार होतो, आणि तो पुढे-मागे हिसके देतो. आजीच्या घरी कड्या सागाच्या तुळईत बसवल्या असतील, ती गोष्ट वेगळी. तुमचा स्लॅब म्हणजे वरच्यांची फरशी, त्यातून आरपार बोल्ट काढून वर पट्टी बसवणं शक्य नाही. स्लॅबमध्ये नुसते बोल्ट ठोकून देणारे पुष्कळ भेटतील. स्ट्रक्चरल इंजिनिअरने कागदावर लिहून दिल्याशिवाय त्यांना छताला हात लावू देऊ नका. मला विचाराल तर झोपाळ्याला लाकडी किंवा लोखंडी स्टँड करून घ्या. संखेड्याचे कारागीर त्याच रंगकामातला स्टँड करून देतात, आणि घर बदललं तर तो सोबत येतो.

आता डाग. संखेडा इथून जेमतेम पन्नास किलोमीटर, एकदा जाऊन काम बघून या. साग खरादावर (लेथवर) फिरवतात, कथलाची नक्षी काढतात, वर लाख चढवतात, केवड्याच्या पानाने चमक आणतात, अकीकाच्या दगडाने घोटतात. सगळं तेज त्या लाखेचं आहे, आणि लाख दोन गोष्टींना घाबरते : उष्णता आणि स्पिरिट. सॅनिटायझर म्हणजे बहुतेक स्पिरिटच. त्याने लाख विरघळली म्हणून चिकट झाली. तिथे काही लावू नका, पुसू नका, धूळ बसणार नाही असं झाकून महिनाभर सुकू द्या. घट्ट झाल्यावर खडबडीत राहिलं तर तेवढे दांडे काढून संखेड्याला पाठवा. बरेचसे दांडे एकमेकांत फिरवून बसवलेले असतात, सुटे होतात. काढताना प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधा.

पांढुरके डाग ओलीचे असावेत. दमट जागी लाख पांढरट होते आणि कोरड्या हवेत बहुधा आपोआप निवळते. दिवाळीपर्यंत वाट पाहा. नंतर रोजची निगा म्हणजे जुन्या मऊ धोतराचा कोरडा फडका, बास. बाल्कनीच्या उन्हात ठेवू नका, रंग उडतो. आणि पितळी कड्या कुरकुरत असतील तर तेल ओघळून लाखेवर येतं, त्यापेक्षा मऊ पेन्सिलीचं शिसं कुटून कडीत घासा.

प्रश्न : मी मांजलपूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, पहिली नोकरी. पुस्तकांसाठी फळी लावायला ड्रिल भाड्याने आणलं. एक भोक छान पडलं, दुसऱ्यात सगळं भसाभस ढासळलं आणि स्क्रूसाठी घातलेली प्लास्टिकची गिट्टी नुसती फिरते. मालकांची परवानगी आहे. आता?

उत्तर : अगं, पहिल्या प्रयत्नात एक भोक छान पडलं हेच पुष्कळ आहे. दोन्ही भोकांतली पूड बघ, भिंत आपली जात पुडीतून सांगते. लाल पूड म्हणजे वीट. करडी आणि बिट पुढेच सरकत नाही म्हणजे काँक्रीट, कॉलम किंवा बीम लागलाय. पांढरट, मऊ, पिठासारखी आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर हलके ब्लॉक, ज्यांना सगळे सिपोरेक्स म्हणतात. एक भोक लाल आणि दुसरं करडं-भुसभुशीत असेल तर दुसरं विटांच्या मधल्या सांध्यात पडलंय. दोन इंच बाजूला सरक, वीट मिळेल. ढासळलेलं भोक पुट्टीने भर.

विटेत 6 मिलीमीटरचं बिट, 6 ची गिट्टी, 8 नंबरचा दीड इंची स्क्रू. बिटावर दीड इंचावर चिकटपट्टीचा झेंडा लाव, खोली कळते. आधी हॅमर बंद ठेवून गिलाव्यातून जा, मग हॅमर. हलक्या ब्लॉकमध्ये हॅमर लावायचाच नाही, आणि त्यासाठी वेगळ्या, लांब आट्यांच्या गिट्ट्या मिळतात. भोकाखाली जुनं पाकीट उघडं करून चिकटव, सगळी पूड त्यात. डोळ्यांवर चष्मा घाल. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच ओळीत आडवं कधीही भोक पाडू नकोस, वायर तिथूनच जातात.

पुस्तकं फार जड असतात, बाळा. तीन फुटी फळीला दोन ब्रॅकेट पुरत नाहीत, तीन लाव.

प्रश्न : पावसाळ्यात मागचं दार चौकटीला घासतं. सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ का? दाराच्या बिजागरीचे स्क्रूही ढिले झालेत, पिळले तरी फिरत राहतात.

उत्तर : आता रंधा मारलात तर जानेवारीत बोटभर फट पडेल. जिथे घासतं तिथे मेणबत्ती चोळा आणि नोव्हेंबरपर्यंत निभवा. तेव्हाही घासलंच तर चौकटीला खडू लावून दार बंद करा, खडू जिथे उमटेल तेवढंच रंधायचं. नंतर दाराची खालची आणि वरची कड पाहा, बोटाने चाचपडून. बहुतेक घरांत तिथे रंगाचा थेंबही नसतो, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. दार उतरवून दोन्ही कडांना प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. स्क्रूच्या भोकात फेव्हिकॉल आणि बांबूच्या दोन-तीन काड्या ठोकून भरा, रात्रभर वाळू द्या, बाहेर राहिलेलं कापा, आणि जुनाच स्क्रू पिळा.

प्रश्न : आईची पैठणी फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : डिंक, फेव्हिकॉल, स्टेपल काही नको. पाठीमागे धुतलेलं मांजरपाट ताणून त्यावर रेशमी दोऱ्याने लांब टाके घाला. काच कापडाला टेकता कामा नये, मध्ये पट्टी घालून घ्या. ऊन येणारी भिंत नको आणि ओल असलेली तर नकोच. खरं सांगू का? मी असते तर पदराचा तेवढा भाग दिसेल अशी घडी घालून फ्रेम केली असती, पैठणी कापली नसती. उद्या तुमच्या सुनेला ती नेसावीशी वाटेल.

जाता जाता, गेल्या वर्षीचं एक पत्र आठवत असेल. दांडिया बाजारच्या एका वाचकांनी 2024 च्या पुरानंतर रंग न देता भिंत उघडी ठेवली आणि पेन्सिलीच्या रेघा मारल्या. त्यांनी आता त्या भिंतीचा फोटो पाठवला आहे. पहिली रेघ फरशीपासून 39 इंचांवर होती, परवाची 14 इंचांवर आहे. मधल्या प्रत्येक पावसाळ्यात ती थोडी वर गेली आहे आणि पुन्हा उतरली आहे, आणि ते सगळं तारखांसकट दिसतं. ते विचारतात, आता उरलेल्या भागाला चुना देऊन टाकू का?

वरच्या सुकलेल्या भागाला अवश्य द्या. खालचे 14 इंच होळीपर्यंत राहू द्या, आणि एक तारखेची रेघ चुकवू नका.